गाण्याखाली नाव

मी एका बाईचं गाणं बंद पाडलं. तेही तिला टोमणे मारून किंवा तिच्यावर दात धरून नव्हे, तर तिचा सत्कार करून. बॅटरीवर चालणाऱ्या कर्ण्यातून, टाळ्यांच्या गजरात, हातात कागदी फूल देऊन. इतकी नीटनेटकी वाट लावायला माणूस शिकलेलंच लागतं, आणि मी चांगली डी.एड. होते.

तेव्हा माझं वय तीस. वेणी घट्ट, साडीला पिन, पर्समध्ये चार रंगांची स्केचपेनं. अक्कल मात्र मागच्या एस.टी.नं येत होती, आणि तळेघरकडं एस.टी. दिवसातून किती येते ते तिकडच्यांना विचारा. आता माझ्या नाती त्या वेळचा फोटो बघून म्हणतात, "आजी, किती स्मार्ट दिसत होतीस गं!" दिसतच होते नुसती.

माझं माहेर येडगावच्या धरणाच्या काठाला. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात पाटी-पेन्सिल म्हणजे देवघरातली वस्तू. फक्त देवघर नव्हतं. मी पहिलीत अक्षरं जुळवायला शिकले तेव्हा वडिलांनी माझ्या हातात कोळसा दिला आणि भिंतीवर आजीचं नाव लिहायला लावलं. आजीचं नाव त्याआधी कुठल्याच कागदावर नव्हतं. ती जवळ आली, अक्षरावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही मी व्हय?" पुढं भिंत सारवताना ती तेवढा वीतभर तुकडा सोडून सारवायची. आमच्याकडं बुद्धविहारात जी गाणी व्हायची, त्यांच्याही शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफलेलं असायचं. गाणं संपताना नाव आलं नाही तर मला गाणं अर्धं राहिल्यासारखं वाटायचं. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण माझा मूर्खपणा चांगल्या घरातून आला होता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझी बदली तळेघरच्या पुढच्या एका वाडीवर झाली. वाडीचं नाव सांगणार नाही, माणसांचीही सांगणार नाही. का ते पुढं कळेल. फाट्यावर उतरल्यावर तासभर चालायचं. पहिल्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन मला वाडीत पोचवणारा गडी वाटभर एका हातात रेडिओ धरून चालला होता. रेडिओ नवा होता, त्याला खाकी चामड्याची पिशवी होती. बातम्या लागल्या की गडी थांबायचा, ट्रंकेसकट. "बाई, वाईच दम धरा, दिल्ली बोलायलीय," म्हणायचा. मला तो फार आवडला. त्याच्याच बायकोचं गाणं मी पुढं बंद पाडलं.

आषाढात तिकडं शाळा रिकामी पडते. भाताची रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची, त्याला आवणी म्हणतात. त्या दिवसांत पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे खाचरात. सावडीचं काम, आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. पटावर एकोणतीस नावं आणि वर्गात मी आणि एक कुत्रं, असं झाल्यावर मी मुलांना आणायला खाचरावर गेले. चपला हातात घेतल्या, दुसऱ्या हातात हजेरीपट. बांधावरून पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत आत. वाकलेल्या दहा-बारा बायांच्या ओळीतून एक आवाज उठला, मान वर न करता:

नवी बाई शाळंची, तिच्या चपला हातात
चिखलाला म्हनती कशी, चल बस वर्गात

आणि सगळी ओळ तेच उचलून म्हणायला लागली. मी रागावणार होते, पण हसूच आलं. त्या आवाजाची धनीण म्हणजे माझ्याच वयाची, काटकुळी, डोक्यावर पानांचं इरलं घेतलेली. ट्रंक वाहणाऱ्याची बायको.

"माझ्यावर गाणं करतेस होय गं?"

"म्या कुटं केलं बाई? हातानं केलं. तोंड उगंच त्याच्या मागं जातंय."

मुलं आणायला गेलेली मी त्या दिवसापासून रोजच बांधावर बसायला लागले. तिथला रिवाज मला हळूहळू कळला. ती पुढं म्हणायची, बाकीच्या झेलायच्या. मधेच दुसरी कोणी उत्तर द्यायची, मग तिचं झेलायचं. कोणीही कोणावरही काहीही म्हणावं. नवऱ्यावर, जंगलखात्याच्या शिपायावर, देवावर. एकच अट होती, आणि ती मला तिच्या सासूनंच सांगितली: "खाचरातलं गाणं बांधावर घ्यायचं न्हाई." म्हणजे पाय धुऊन बांधावर आलात की कोण काय म्हणालं ते विसरायचं. ही सासू स्वतः त्याच ओळीत तिसऱ्या नंबरला वाकलेली असायची आणि सून तिच्या कानाशी म्हणायची:

सासू माझी देवमाणूस, देव्हाऱ्यात ठेवू
कुलूप लावू देव्हाऱ्याला, आन् माह्याराला जाऊ

आणि सासू सगळ्यांत मोठ्यानं झेलायची. घरी मात्र हीच सून तिच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, आणि हीच सासू तिला पाण्याच्या हंड्यावरून तासभर बोलायची.

मी एकदा तिला विचारलं, "तुला आधी सुचतं, मग म्हणतेस, की म्हणता म्हणता सुचतं?"

तिनं रोपाची जुडी सोडली, चार रोपं खोवली, मग म्हणाली, "आधी मला काय बी ठावं नसतंय बाई. घरात डोकं म्हंजी नुसतं मडकं. हितं हात चालतो, तोंड चालतं, आन् मंग मलाच कळतंय, आगं, मी ह्याचा इचार करत व्हते व्हय!"

मी कॉलेजात मानसशास्त्राच्या पेपरला पहिली आले होते. विचार म्हणजे काय, याची व्याख्या अजून पाठ आहे. पण तो होताना मी डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला तो त्या चिखलात. तिची लेक चौथी पास झाली होती. पाचवीला खालच्या गावात चालत पाठवायचं की शेरडांमागं, हा प्रश्न. घरात कोणी काढत नव्हतं. तिनं खाचरात काढला:

लेक माझी निघाली गं, पाटी तिच्या काखंला
कोन जाईल सांग सये, शेरडं राखायला

दोन दिवस ओळीत भांडण. एकजण म्हणाली पोर शिकून उडून जाईल, दुसरी म्हणाली शेरडं तरी कुठं थांबतात. सगळं तालावर, रोप लावत, पाय मागं टाकत. तिसऱ्या दिवशी सासूनं तोंड उघडलं:

शेरडाला दोन शिंगं, त्येची वाट त्येला घावं
पोरीला न्हाई शिंग, तिनं शाळंला जावं

झेलताना बायांच्या हातातली रोपं हसून हसून खाली पडली. सोमवारी पोर खालच्या शाळेत. घरात यावर एक शब्द बोलणं झालं नाही. सासूनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली, एवढंच.

हे बघून मी शहाणी झाले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी पडले मास्तरीण. मला वाटलं, एवढं मोठं साहित्य आणि चिखलात बुडतंय! यांना कोणी विचारत नाही! मी वहीत उतरवायला लागले. तिच्यासमोरच लिहायची, ती म्हणायची, "लिवा की. माशाला पकडता तसं पकडा." तिला वाटलं असणार, बाई आपली हौस म्हणून लिहिते आणि वही ट्रंकेत ठेवते. मी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. माझा अपराध इथूनच सुरू होतो. विचारायला एक मिनिट पुरलं असतं.

पंधरा ऑगस्ट आला. तालुक्याहून साहेब येणार होते. मी भित्तिपत्रक केलं. पांढऱ्याशुभ्र कार्डशीटवर चार रंगांच्या स्केचपेनांनी मधोमध भाताचं रोप काढलं, भोवती तिची गाणी. निवडताना सगळ्यांत चांगलं कुठलं, तर मला वाटलं हे, नवऱ्याच्या रेडिओवरचं:

पेटी बोलती घरात, धनी ऐकतो कान लावून
सांग बाई, मी बी बोलू का, पेटीमंदी जाऊन

धनी माझा शाना गं, त्येला दुनियेची खबर
चुलीम्होरं कोन जळं, तिथं जाईना नजर

आणि खाली, तांबड्या स्केचपेनानं, दुहेरी रेघ मारून, नाव. नुसतं तिचं नाही. शाळेच्या पटावर असतं तसं संपूर्ण नाव: आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. नवऱ्यावर गाणं आणि गाण्याखाली नवऱ्याचं नाव! ज्या गावात बायका नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय ओठांवर आणत नाहीत, तिथं मी ते कर्ण्यातून घेतलं. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं माहिती आहे? आजीचं बोट. मला वाटत होतं, मी या बाईला भिंतीवर लिहितेय. तिलाही वाटेल, ही मी व्हय.

झेंडा झाला, लेझीम झालं, मी कर्णा हातात घेतला. "आता मी तुमच्यासमोर आपल्याच वाडीतल्या एका कवयित्रीची रचना सादर करते." कवयित्री, रचना, सादर; तीन शब्दांत मी तिला तिच्याच माणसांतून उचलून बाजूला ठेवलं. मग गाणं वाचलं. गायलं नाही, वाचलं, वक्तृत्वस्पर्धेत वाचतात तसं, हात हलवून. मग नावं घेतली, तिन्ही. साहेब म्हणाले, "वा, बाई, वा!" आणि टाळ्या वाजवल्या.

बाया वाजवत नव्हत्या. साऱ्याजणींनी पदर पुढं ओढले होते. तिला मी हाताला धरून पुढं आणलं आणि कागदी गुलाब दिला. तिनं तो घेतला. हात गार होता, एवढं आठवतं. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी मागून ओरडलं, "अय राव पेटी! बोल की! काय म्हनतीय दिल्ली?" हशा पिकला. ती उन्हात उभी, मधे मी, आणि पलीकडं पहिल्या सतरंजीवर तो. तो उठला, टोपी झटकली, आणि कोणाकडं न बघता निघून गेला.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मनात होतं, समजावून सांगू. शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली की संपते असं वाटतं. तो ओटीवर दोर वळत बसला होता. रेडिओवर जुन्या लुगड्याचा धडपा टाकलेला.

"या बाई, बसा. च्या टाक गं," तो आत बघून म्हणाला. त्यानं मला शिवी दिली असती तर मी आज जरा सुखानं जेवले असते.

ती चहा देऊन आत गेली. तो दोर वळत राहिला. मग म्हणाला, "बाई, एक इचारू का? त्यात माजं नाव लिवायचं काय कारण व्हतं?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "पूर्ण नाव लिहायची पद्धत आहे."

तो "आसं व्हय," म्हणाला, एवढंच. इतक्या वर्षांनी अजून, भाकरी थापताना किंवा बसची वाट बघताना, माझं ते वाक्य मला ऐकू येतं आणि मी एकटीच डोक्याला हात लावते. नातींना वाटतं आजीला चक्कर आली.

त्यानं तिला मारलं नाही, तोडलं नाही. रेडिओ तेवढा बहिणीच्या घरी देऊन आला. पण वाडीनं त्याला 'पेटी' म्हणायचं सोडलं नाही. दोन वर्षांच्या पोरानंही 'पेटीमामा' म्हणावं. आणि तिनं तोंड मिटलं.

मला वाटलं, आवणीला गाईल. पुढच्या आषाढात मी चपला हातात घेऊन, कान टवकारून गेले. तेच खाचर, तीच सावड, त्याच बाया. आवाज फक्त चिखलातून पाय निघण्याचा. चुबुक, चुबुक. मला बघून कोणीतरी खोकलं. एकीनं मला भाकर-चटणी दिली, "खावा बाई," म्हणाली. माया तशीच होती. गाणं नव्हतं. आधी वाटलं, मी आले म्हणून. दुसऱ्या दिवशी लांबून, करवंदीच्या जाळीआडून चोरासारखी ऐकत उभी राहिले. तरी नव्हतं. तिनं पुढं म्हणायचं सोडलं तर बाकीच्यांना झेलायलाच काही नव्हतं. आणि दुसरी कोणी पुढं व्हायला भीत होती. कोणत्या ओळीखाली कोणाचं नाव लागेल, काय सांगावं?

तिची सासू एकदा शाळेच्या पायरीवर येऊन बसली. मला वाटलं आता भांडणार. ती तंबाखू मळत म्हणाली, "बाई, तिच्या गाण्यात एक म्हातारी व्हती बगा. लई खाष्ट. मला तिची याद येती."

त्या वर्षी दुसऱ्या एका घरातल्या मुलीचं नाव पटावरून कमी झालं. हुशार होती. मी घरी गेले तर म्हणाले, ठरलंय. कधी ठरलं, कोणी ठरवलं, कोणालाच सांगता येईना. खाचरात तिच्याविषयी कोणी एक ओळ म्हटली नव्हती. आधी म्हटली असती तर ती शाळेत राहिलीच असती असं मी म्हणत नाही. पण तीन दिवस भांडण तरी झालं असतं. मी त्या मुलीच्या नावावर तांबडी रेघ मारली. पेन तेच होतं.

तिची मी माफी मागितली का? मागितली, पण कशी? पाणवठ्यावर तिला गाठून म्हणाले, "तू गायला लाग ना गं, माझ्यासाठी." बघा, त्यातही माझ्यासाठी! ती हंडा घासत म्हणाली, "आता काय सुचत न्हाई बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. मडकं झाकावं तसा तो आवाज झाकलेला होता.

तीन वर्षांनी माझी बदली खाली झाली. वही ट्रंकेत आली. खाली आल्यावर मी स्वतः लिहायला लागले. दिवाळी अंकात एक-दोन लेख आले, नावासकट. छापलेलं नाव मी कितीदा बघितलं ते सांगत नाही, या वयात शोभत नाही. वहीतली गाणी मात्र कधी छापली नाहीत. आज इथं चार ओळी दिल्यात, विनानावाच्या. याचंही मला बरं वाटत नाही. पण त्यांच्याशिवाय मी काय घालवलं ते तुम्हाला कळलं नसतं.

पुढं आठ-नऊ वर्षांनी, दोन हजार सालानंतरची गोष्ट, मी मंचरला उतरले होते. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून बाजार समितीच्या मागच्या रस्त्यानं चालले होते. हायवेवर ट्रकांची रांग आणि हॉर्न असे की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. एका शेडखाली बायका ओळीनं बसून बटाटे निवडत होत्या. मोठा इकडं, बारका तिकडं, सडका मागं. आणि हॉर्नच्या फटीतून ते आलं:

रस्ता मेला बोलका गं, गप म्हनता ऱ्हाईना
बटाट्याला डोळं धा, त्येला काय बी दिसंना

आणि ओळ झेलत होती! कुठल्या कुठल्या गावच्या बाया, पण झेलत होत्या. मी गोणींच्या थप्पीआड उभी राहिले. खरं सांगते, लाज वाटते पण सांगते: माझा हात पर्समध्ये पेनाकडं गेला. गेलेला हात मी बाहेर काढला, तोवर तिनं मला बघितलं होतं. गाणं थांबलं.

"आगं बया! बाई! किती पिकला वो!" ती बटाट्याची माती झटकत उठली.

केस तिचेही पांढरे झाले होते. आम्ही शेडच्या कडेला बसलो. नवरा बाजारात हमालीला होता, कांद्या-बटाट्याच्या हंगामात दोघं खाली येत. सासू गेली. लेक बारावी होऊन नर्सिंगला होती. "ह्यास्नी वर अजून पेटीच म्हनत्यात," ती हसत म्हणाली. "हितं कोन न्हाई म्हनत. हितं त्यास्नी लई बरं वाटतंय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. मोठं चुकलं."

तिनं नखांतली माती काढली. मागं बायका बटाटे निवडत होत्या, आमच्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "थांबलीस का? म्हण की पुढचं."

तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी तसं, जसं खाचरात मी तिला पहिल्यांदा टोकलं तेव्हा बघितलं होतं. आणि म्हणाली:

"नाव लिवलं त्याचा राग न्हाई बाई. पन त्याच्या मागारी तोंड उघडलं की आधी मनात यायचं, हे माजं हाय, लोक म्हनतील हे हिनं म्हनलं. येवढं मनात आलं की म्होरची ओळ येयाचीच न्हाई. हितं मला कोन वळखत न्हाई, तर येती. आता तुमी वळखलंत. तवा तुमी व्हा म्होरं, तुमची गाडी चुकंल. तुमी गेल्यावर घावंल मला."